कबुतर उपसमिती

कोथरूडच्या ज्या सोसायट्यांत मुले परदेशी आणि आईवडील बाल्कनीत, तिथे समितीवर यायला कोणी तयार नसते, असे म्हणतात. खोटे आहे. माणूस येतो, फक्त उठत नाही. कायद्याने मुदत 5 वर्षे. सेक्रेटरी दर सभेत “आता तरुणांनी पुढे यावं” म्हणतात आणि अडुसष्ट वर्षांच्या एखाद्या तरुणाने खरेच हात वर केला, तर त्याला चहाचे बघायला पाठवतात. शिवाय उपसमित्या आहेतच. कबुतरांच्या उपसमितीत निवृत्त अभियंता, निवृत्त बँक मॅनेजर आणि मंत्रालयातून निवृत्त झालेले उपसचिव. त्यामुळे जाळीची तीन कोटेशने, तुलनात्मक तक्ता, त्यावर टिपणी, सगळे शिस्तीत झाले. कबुतरांची तिसरी पिढी सुखात नांदते आहे.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर ती तहकूब करून त्याच दिवशी पुन्हा भरवता येते, आणि मग गणपूर्ती लागतच नाही. ज्याने हा पोटनियम लिहिला, तो नक्की सोसायटीत राहत असणार. यंदा पार्किंगवर दोन तास गेले. बंद लिफ्ट ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात होती. अध्यक्ष तळमजल्यावर राहतात.