बारा बोर आणि चेतकचं तेल

मिलवॉकी, विस्कॉन्सिन

ती. स्व. बापूकाका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा प्रश्न पोचला. अमेरिकेत लोक शंभर वर्षांच्या बंदुका अजून वापरतात म्हणे, त्यात दुरुस्त करायचं ते काय, तेल सोडा, फडक्याने पुसा आणि ठो! तुमच्या चेतक स्कूटरच्या बाबतीत हा सिद्धांत आजवर खोटा ठरलेला नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण चेतक बिघडली की जागेवर उभी राहते. बंदूक बिघडली तरी वाजू शकते, आणि तेव्हा तिच्या मागे आपलं तोंड असतं. माझं म्हणणं एवढंच, की जुन्या बंदुकीची दुरुस्ती तेलाच्या डबीपासून नव्हे, वाचण्यापासून सुरू होते. ती कोणत्या काळात, कोणत्या काडतुसासाठी घडवली, हे आधी कळलं पाहिजे. लोखंड पुष्कळदा ठणठणीत असतं; बदललेलं असतं ते त्यात घालायचं काडतूस.

विंचेस्टर कंपनीचं मॉडेल १८९७ घ्या. जॉन ब्राउनिंगची ही रचना १९५७पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती आणि एकूण दहा लाखांवर बंदुका निघाल्या, त्यामुळे इथल्या अनेक घरांत आजोबांची म्हणून एखादी निघतेच. डाव्या हाताखालचं लाकूड सायकलच्या पंपासारखं मागे ओढलं की रिकामं काडतूस बाहेर उडतं. पुढे ढकललं की नवं आत जातं, घोडा चढलेलाच असतो. हिची थोरली बहीण १८९३ची. चेहरामोहरा तोच, पण ती काळ्या दारूच्या जमान्यातली, आजचं बिनधुराचं काडतूस तिच्यासाठी नाही. दोघी शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक कळणार नाही. म्हणून आधी तिच्यावर कोरलेली अक्षरं वाचायची.

तुम्ही म्हणाल, काडतूस आत बसलं म्हणजे ते तिचंच. खरा घोटाळा इथेच आहे. काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतरची, तोंड उकललेलं असतानाची. न उडालेल्या काडतुसाचं तोंड मोदकाच्या कळ्यांसारखं आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते आखूड दिसतं आणि नळीतल्या काडतुसाच्या आखूड घरातही गुमान बसतं. सोळा बोरच्या बऱ्याच जुन्या बंदुकांचं घर २ ९/१६ इंचांचं आहे, आजचं काडतूस २ ३/४ इंचांचं. फरक पाच मिलिमीटरसुद्धा नाही. पण बार उडाला की कळ्या उलगडतात, पुढच्या अरुंद जागेत शिरतात आणि छर्ऱ्यांची वाट अडवतात. मग दाब वाढतो. तेव्हा ‘बसलं’ हा पुरावाच नव्हे. घराची लांबी गेजनेच मोजावी लागते. आणि छर्रे शिशाचे की पोलादी, तेही पाहावं लागतं. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे इथे १९९१पासून देशभर बंद आहेत, आणि जुन्या नळीच्या आवळलेल्या तोंडाला कडक पोलाद मानवत नाही.

याहून वाईट चूक अगदी साधी असते. वीस बोरचं काडतूस बारा बोरमध्ये घातलं तर ते खाली पडत नाही, नळीत थोडं पुढे सरकून अडकतं. माणसाला वाटतं बंदूक रिकामीच आहे. तो मागून बारा बोरचं घालतो आणि नळी फाटते. म्हणून वीस बोरची काडतुसं पिवळी असतात. रंग सौंदर्यासाठी नाही, काका. नळीत अडकलेला बर्फ, चिखल किंवा गांधीलमाशीचं घरटं हेच काम बिनरंगाचं करतं.

दुसरा आक्षेप: सेफ्टीचं बटण असेलच की! या ९७ला ते नाहीच. घोडा बाहेर दिसतो, तो अर्ध्यावर चढवून ठेवणं हीच तिची सेफ्टी. भरलेल्या काडतुसावर चढलेला घोडा हळूच उतरवायचा, तोही अंगठ्याने. थंडीत हातमोजा घातलेला अंगठा किती भरवशाचा, ते तुम्हीच ठरवा. वर या जातीच्या जुन्या बंदुकांची आणखी एक खोड आहे. चाप दाबलेलाच ठेवून पंप पुढे ढकलला तर काडतूस बसताक्षणी बार उडतो. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत याचं कौतुक असेल, पण शिकारीच्या रानात तेवढ्यासाठी बोट चापाबाहेर हवं. बटण असलेल्या बंदुकीतही ते झिजतं. नळी कुठे रोखली आहे आणि बोट कुठे आहे, या दोन गोष्टी मात्र झिजत नाहीत.

आता दुरुस्ती. बरेचदा ९७ बिघडलेलीच नसते. घोडा चढलेला असला की पंप कुलूपबंद राहतो. रिकाम्या बंदुकीचा घोडा पाडल्यावरही लाकूड आधी किंचित पुढे ढकललं तरच मागे येतं. हे ठाऊक नसलेला ती ‘जाम झाली’ म्हणून हिसके देतो आणि धडधाकट बंदूक खरंच मोडतो. घरी करायचं ते एवढं: बंदूक रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटानेही पाहायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, डिंकासारखं झालेलं जुनं तेल काढायचं, नळीतून उजेड पाहून कुठे फुगवट्याची कडी दिसते का ते बघायचं. स्क्रूंना तुमच्या पेटीतला निमुळता स्क्रूड्रायव्हर लावू नये, तो निसटतो आणि खाच बोथट करतो. सपाट, खाचेत गच्च बसणारं पातं हवं. नळी जोडलेली जागा ढिली झाली, घोड्याची खाच झिजली, नळीला पोचा पडला, की मात्र गनस्मिथ. चेतकच्या पेट्रोलच्या टाकीला साबण लावून भागतं, इथे तारेने बांधणं चालत नाही. दुरुस्तीनंतरची चाचणीही आधी डमी काडतुसांवर.

मग ती सरळ भिंतीलाच का टांगू नये, असं काकू म्हणतील. ज्या बंदुकीला गनस्मिथ नको म्हणतो तिच्यासाठी काकूंचं बरोबर आहे. पण तपासून निघालेल्या ९७ इथल्या काउबॉय-स्पर्धांत अजून धडाडतात, तेव्हा वय हा गुन्हा नव्हे. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, सगळे केशरी कपड्यांत, अगदी नवरात्रासारखा. फक्त उपवास नसतो. आपल्या मराठी पोरांना यातली गंमत कायद्याने कळते: एच-वन-बी व्हिसावाल्याला बंदूक बाळगायला केंद्राची बंदी आहे, पण शिकारीचा वैध परवाना काढला की ती बंदी लागू होत नाही. शाकाहारी सॉफ्टवेअरवाल्याने काय करायचं, हे काही कायद्यात लिहिलेलं नाही.

तुमच्या तेलाबद्दल एक राहिलंच. ते थेंबभरच लावावं. बंदूक दस्त्यावर उभी ठेवली तर जादा तेल ओघळून दस्त्याच्या तोंडाशी मुरतं, लाकूड मऊ होतं आणि दस्त्याच्या अरुंद मनगटापाशी चिरतं. म्हणून इथले जाणते लोक ती तोंड खाली करून, रिकामी आणि कुलपात ठेवतात. पुढच्या वेळी तुमची पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोर निवडणुकीसाठी ठाण्यात जमा करायला जाल, तेव्हा तिथल्या कोपऱ्यात ती कशी उभी करतात तेवढं बघून कळवा.

काकूंना सा. न., धाकट्यांना आशीर्वाद.

आपला,
सुधीर