विषय : राजीनाम्याबाबत

राजीनामा हा नोकरीतला असा एकमेव कागद आहे, ज्याचा मसुदा कर्मचारी कोणीही न सांगता, मुदतीच्या कितीतरी आधी आणि मनापासून तयार करतो. बहुतेक मसुदे मनातच राहतात. सोमवारच्या मीटिंगमध्ये ते स्फुरतात, जेवणानंतर मंदावतात आणि पगार जमा झाल्याचा मेसेज आला की महिनाभरासाठी मिटतात. या मनातल्या मसुद्यातले एकही वाक्य प्रत्यक्ष पत्रात येऊ न देणे, यालाच राजीनामा लिहिण्याची कला म्हणतात. बाकी सगळे तपशील आहेत.

पहिला तपशील मुहूर्ताचा. तो पंचांगात सापडत नाही, पुढच्या कंपनीच्या ऑफर लेटरमध्ये सापडतो. हातात असे लेखी पत्र नसताना दिलेला राजीनामा पुढे शौर्यकथा म्हणून सांगता येतो, फक्त मधला काळ सासुरवाडीला जाणे टाळावे लागते. खासगी क्षेत्रात दिवाळीचा बोनस आणि एप्रिलची पगारवाढ हातात पडली की लगेच राजीनामे येतात. हे एचआर खात्याला दरवर्षी ठाऊक असते आणि दरवर्षी त्याचे आश्चर्य वाटते. ग्रॅच्युइटीचा हिशेब मात्र शांतपणे करावा. १९७२च्या कायद्याने त्यासाठी सलग ५ वर्षांच्या सेवेची अट घातली. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे, असे त्या कायद्यातले गणित. पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी चालते, असे काही न्यायालयांनी मानले आहे. म्हणजे ४ वर्षे ७ महिन्यांवर स्वाभिमान जागा झालाच, तर त्याला थोडे थोपटून पुन्हा झोपवणे शक्य असते.

सरकारी नोकरीत स्वाभिमानाची किंमत आणखी चढी आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे राजीनामा दिला की मागची सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून जाते. २० वर्षे पूर्ण करून तीन महिन्यांच्या नोटिशीने घेतलेली स्वेच्छानिवृत्ती तेवढी निराळी. त्यामुळे जाणते सरकारी कर्मचारी राजीनाम्याचा उल्लेख फक्त घरी करतात, आणि वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असतील तर घरीही करत नाहीत.

पत्र लिहिण्याआधी साहेबांना तोंडी सांगायची पद्धत आहे. तोंडी सांगण्याआधी चहाच्या टपरीवर सांगायची पद्धत आहे. हिंजवडीकडे राजीनामा देण्याला ‘पेपर टाकणे’ म्हणतात. अमक्याने पेपर टाकले ही बातमी टपरीवरून साहेबांच्या केबिनपर्यंत कटिंग संपायच्या आत पोचते आणि मग साहेबांना दुःखापेक्षा आपल्याला शेवटी कळल्याचा राग जास्त येतो. टपरी आणि केबिन यांचा क्रम उलटा ठेवला, तर निम्मी कटुता टळते. हा क्रम पाळलेला मात्र सहसा आढळत नाही.

पत्राच्या लांबीबाबत दोन टोकाची उदाहरणे उपलब्ध आहेत. लोकमान्य टिळकांनी १८९०मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, तेव्हा त्यांनी सविस्तर, मुद्देसूद आणि दीर्घ निवेदन लिहिले. संस्थेच्या आजीव सभासदांनी बाहेरची कमाई करावी का, हा तात्त्विक वाद त्यात होता. दुसरे टोक अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे. ९ ऑगस्ट १९७४चा त्यांचा राजीनामा एका वाक्याचा आहे. कारण दिलेले नाही, कारण ते सगळ्या जगाला माहीत होते. शिवाय त्या पत्रावर परराष्ट्रमंत्री किसिंजर यांची आद्याक्षरे आणि ११.३५ ही वेळही नोंदलेली आहे. म्हणजे आवक नोंद तिथेही चुकत नाही. सामान्य कर्मचाऱ्याने टिळकांचा आदर करावा आणि निक्सन यांची लांबी घ्यावी. कोणत्या पदाचा राजीनामा, कोणत्या तारखेला, शेवटचा दिवस कोणता, एवढे लिहिले की पत्र पुरे होते. संधी दिल्याबद्दल आभाराचे एक वाक्य घालतात. संधी कसली होती, याचा तपशील वाचणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर सोडतात.

खरी अडचण कारणाची. खरे कारण कधी लिहू नये, आणि ते कोणी विचारतही नाही, कारण ते बहुधा समोरच्या खुर्चीत बसलेले असते. म्हणून ‘वैयक्तिक कारणास्तव’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्यात काहीही मावते आणि कोणालाही लागत नाही. काही जणांना मात्र एवढ्यावर समाधान वाटत नाही. ते कारणात रंग भरतात, आणि इथून घसरण सुरू होते. उच्च शिक्षणाचे कारण दिले की कोणते, कुठे, फी किती, आणि आमच्या भाच्यालाही सांगा, असे प्रश्न येतात. लग्नाचे दिले की पत्रिका मागतात. सर्वांत धोक्याचे कारण आईच्या आजारपणाचे. नोटीस पिरियडच्या दुसऱ्याच आठवड्यात मॅनेजरबाईंना ती आई तुळशीबागेत भेटते. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात, ती बांगडीवाल्याशी घासाघीस करत असते आणि आवाज चांगला खणखणीत असतो. यानंतरचे अडीच महिने कर्मचाऱ्याला ऑफिसात रोज ‘आई कशा आहेत?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. तो विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर माहीत असते.

तत्त्वासाठी दिलेल्या राजीनाम्याला कारण लपवायची गरज पडत नाही. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी १९५६मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय मंत्रिमंडळ सोडले, ते कारण लोकसभेत सांगूनच. पण त्या तोडीचे तत्त्व आणि त्या तोडीची माणसे विरळा. एसीच्या जागेवरून किंवा ‘टीम लीड’ या दोन शब्दांवरून झालेल्या वादात देशमुखांचे नाव घेणे अप्रस्तुत ठरते.

पत्र मिळाल्यावर साहेब चहा मागवतात. इतक्या वर्षांत न मिळालेली पगारवाढ, बढती आणि खिडकीजवळची जागा त्या एका चहात देऊ केली जाते. याला काउंटर ऑफर म्हणतात. ती स्वीकारणारे थोडे असतात, आणि पुढच्या वर्षी कपातीची यादी निघाली की त्यांची नावे लवकर आठवतात. राजीनामा परत घेता येतो का, हा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी ७ मे १९७७ रोजी, १ ऑगस्टपासून पद सोडत असल्याचे पत्र राष्ट्रपतींना लिहिले आणि १५ जुलैला ते मागे घेतले. पुढच्या तारखेचा राजीनामा ती तारीख उजाडण्यापूर्वी मागे घेता येतो, असा निकाल १९७८मध्ये लागला. तेव्हा मन बदलण्यात कमीपणा काही नाही. फक्त टपरीवर सेंडऑफची वर्गणी सुरू झालेली नसावी.

नोटीस पिरियड ठिकाणाप्रमाणे ३० ते ९० दिवसांचा असतो. पहिले काही दिवस सगळे हळहळतात. मग कोणीच काही बोलत नाही. मीटिंगची आमंत्रणे थांबतात, आणि हा नोकरीतला सर्वांत सुखाचा काळ असल्याचे कर्मचाऱ्याच्या लक्षात येते. ‘नॉलेज ट्रान्सफर’ उर्फ केटी याच काळात होते. पाच वर्षे जे काम एकट्याशिवाय कोणाला जमत नाही असे सांगितले गेले, ते दीड दिवसात आणि एका एक्सेल शीटमध्ये शिकवून संपते. हा अनुभव दोघांनाही अवघड जातो, शिकवणाऱ्याला जरा जास्त.

ज्यांना घाई असते ते नोटिशीचे दिवस पैसे भरून सोडवून घेतात. सुभाषचंद्र बोस यांनी १९२१मध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसचा राजीनामा देताना तोवर मिळालेला १०० पौंडांचा भत्ता परत करण्याची तयारी पत्रातच दाखवली होती. सोडून जाताना हिशेब आपणहून मांडण्याचा हा नमुना आजही चांगला आहे. आपल्याकडे या पैशावरून एक विलक्षण करवादही झाला. कर्मचाऱ्याचे लवकर निघून जाणे कंपनी सहन करते आणि सहन करणे ही सेवा आहे, म्हणून नोटिशीच्या वसुलीवर जीएसटी लागतो, असे मत काही ठिकाणी गंभीरपणे दिले गेले. ऑगस्ट २०२२मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने परिपत्रक काढून हा कर लागत नसल्याचे स्पष्ट केले. कर्मचाऱ्याने आजवर जे सहन केले, त्यावर कोणी कर सुचवला नव्हता.

शेवटच्या आठवड्यात एक्झिट इंटरव्ह्यू होतो. एचआरमधली तरुण मुलगी ‘अगदी मोकळेपणाने सांगा’ म्हणते आणि उत्तरे फॉर्ममध्ये भरते. बऱ्याच जणांचा मनातला मसुदा इथे उफाळून येतो. तो गिळावा. पुढच्या कंपनीचे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन याच टेबलावर येणार असते. सेंडऑफमध्ये केक, सामोसे आणि वेफर्स असतात. ज्या साहेबांमुळे नोकरी सोडली ते भाषण करतात, त्यात कर्मचाऱ्याच्या नावाचा उच्चार चुकतो, आणि सगळे टाळ्या वाजवतात.

त्यानंतर उरतात कागद. लॅपटॉप, आयडी कार्ड, ड्रॉवरची किल्ली परत केल्यावर ना-देय प्रमाणपत्र मिळते. त्यावर ज्या खात्यांच्या सह्या लागतात, त्यांतली काही खाती कर्मचारी त्या दिवशी प्रथमच पाहतो. ग्रंथालय नसलेल्या कंपनीत ग्रंथालयाचीही सही लागू शकते. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र घेतल्याशिवाय दार ओलांडू नये, कारण एकदा ओलांडले की त्याच माणसांचे फोन लागेनासे होतात. ‘फुल अँड फायनल’ हिशेब नावाप्रमाणे पूर्ण नसतो, आणि तो मिळेपर्यंत त्याला अंतिमही म्हणता येत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने नोंदवायची असते. ती नोंदवायला कंपनी विसरली, तर शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटल्यावर पोर्टलवर जाऊन, आधारचा ओटीपी टाकून, आपण गेलो आहोत हे कर्मचाऱ्याला स्वतःच नोंदवता येते. कारणाच्या रकान्यात तिथे ठरावीक पर्यायांतून एक निवडायचा असतो, आणि साहेबांचे नाव त्यात नसते.