खाणीतलं अंडं

अहो वहिनी, जरा कुंपणापाशी या ना! ऐकलंत का, खडी क्रशरवर म्हणे डायनासोरचं अंडं निघालं. कुणीतरी हळदकुंकूसुद्धा वाहून मोकळं झालं.

मी गेले की बघायला, मेथी निवडायची तशीच टाकून! नारळाएवढा काळा गोळा, सुरुंगानं दोन भकलं झालेली. आतून कडेला शेवाळी रंगाचा पातळ पापुद्रा आणि मधे पांढरेशुभ्र, मोत्यासारखे चमकणारे दातच दात. एक जण छातीठोकपणे म्हणाला, पिल्लाची बत्तिशी! मी आपला तोंडाला पदर लावला.

आमचे हे जन्मभर भूगोल शिकवलेले, ते कशाला गप्प बसतील? म्हणाले, आपला काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्या रसात जीव कसला टिकतोय! रटरटत्या पिठल्यासारखे त्यात वायूचे बुडबुडे आले नि थिजताना तसेच अडकले. पुढे त्या पोकळीत पाणी झिरपलं, क्षार बसले, स्फटिक झाले. ही बत्तिशी म्हणजे स्टिलबाइट. आपल्या राहुरीच्या मोमीन आखाड्याचे असले स्फटिक, ते हिरवे अपोफिलाइट वगैरे, परदेशातले शौकीन जपून ठेवतात म्हणे. आणि आपण त्याची खडी करतो!

हो, तुमच्या ओट्याच्या दगडावर ते पान उमटलंय ना, तेही पान नव्हे बरं. फटीत पाणी शिरून मँगनीजची काळी नक्षी उठते. भिंगातून बघा, पानासारख्या शिरा दिसायच्या नाहीत.

पण म्हणून या काळ्या दगडाच्या मुलखात काहीच मिळत नाही असंही नाही हं. मुंबईत वरळीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे सांगाडे सापडले. आपल्याकडे मात्र शोधायचं ते नदीकाठी. गोदावरी-प्रवरेच्या जुन्या गाळात रानबैलांची हाडं मिळालीत. तिकडे वर नांदूर मधमेश्वरला तर हत्तीची कवटी! भूगर्भ खात्याच्या पिलग्रिमसाहेबानं १९०५ साली त्यावर लिहून ठेवलंय.

आणि अस्सल जीवाश्मच बघायचा असेल तर तुमच्या देव्हाऱ्यात आहे की. शाळिग्राम हो! गंडकीतल्या त्या दगडातलं चक्र म्हणजे अमोनाइट, समुद्रातला कवचवाला प्राणी. हिमालय उठायच्या आधी तिथं समुद्र होता. तुम्ही रोज त्याला आंघोळ घालता नि अंडं बघायला क्रशरवर जाणार!

बरं, तुमच्या माहेरी नेवाशाला नदीकडेला विहिरीचं काम चाललंय ना? भावाला फोन करून सांगा, गाळात हाड दिसलं तर घाईनं उकरू नको, घासूनपुसून धुऊ तर मुळीच नको. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढ, किती खोल नि कुठल्या थरात ते लिहून ठेव आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळव. आजच सांगा हं, उद्या जेसीबी यायचा असेल.