एकही फाइल जाणार नाही, तरीही

विंडोज एक्सपीच्या (2001) इन्स्टॉलेशनमधला तो निळा पडदा म्हणजे सौजन्याचा उत्तम नमुना. जुनी फॅट32 पद्धतीची डिस्क दिसताच तो अदबीने पर्याय मांडतो: फॉरमॅट करा, एनटीएफएसमध्ये रूपांतर करा, नाहीतर आहे तसे राहू द्या. रूपांतराचे वैशिष्ट्य असे, की डिस्कवरची एकही फाइल जात नाही. म्हणूनच त्याआधी सगळ्या फाइल्स दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, असा अधिकृत सल्ला आहे.

ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे. ज्याच्याकडे दुसरी डिस्क आहे, तो फाइल्स तिकडे हलवून ही सरळ फॉरमॅटच करील. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठीच तर ही खास सोय. फक्त ती वापरण्याआधी त्याने दुसरी डिस्क आणावी. सार्वजनिक बांधकाम खात्यानेही हे धोरण स्वीकारायला हरकत नाही. पूल भक्कम असल्याचे प्रमाणपत्र कमानीवर लावावे आणि त्याखाली लिहावे: पोहता येणाऱ्यांनीच पुढे जावे.

एनटीएफएस झाले, की 4 जीबीहून मोठी फाइलही मावते, कोणी काय उघडायचे तेही ठरवता येते. परत फॅट32 करण्याची आज्ञा मात्र दिलेली नाही. प्रगतीला मागे वळून पाहायची सवय लागू नये. अगदीच मन बदलले, तर डिस्क फॉरमॅट करावी. बॅकअप आहेच.

शेजारच्या पार्टिशनवर विंडोज 98 नांदत असेल, तर तिला ही डिस्क यापुढे दिसणारच नाही. सुरक्षा इतकी कडक, की घरच्यांनाही प्रवेश नाही.