दाजी द्राक्षं पुसतात

बँकेतून निवृत्त झालेला माणूस दिवसभर घरात दिसायला लागला की बायकोला माहेरची माणसं आठवतात. हिचा धाकटा भाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्ष बागायतदार आहे. हिने त्याला फोन केला, "यांना कशाला तरी लाव." त्याने लावलं, आणि तेही रीतसर पगारी सुपरवायझर म्हणून.

"सकाळी साडेसहाला बागेत, दाजी," एवढीच त्याची अट. साडेसहा म्हणजे साडेसातच्या आसपास, असं मी जुन्या सवयीने धरलं, वाटेत मिसळ खाल्ली, रुमालाला तर्री पुसत बागेत शिरलो, तर पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळीतल्या बायकांनी निम्म्या ओळी उरकलेल्या. ऊन चढायच्या आत माल काढावा लागतो. तापलेला घड मऊ पडतो, देठ सुकतो, मग प्रीकूलिंगला कितीही घाईने न्या, गेलेला ताजेपणा परत येत नाही. हे मला मुकादम मावशींनी सांगितलं. तेव्हा त्या मला साहेब म्हणत होत्या.

उशिराची भरपाई म्हणून मी आपणहून कामाला लागलो, आणि इथेच घोळ झाला. मण्यांवर पांढुरकी भुकटी दिसली. आपल्या देखरेखीखाली फवारणीचं औषध चिकटलेला माल परदेशात जाणार, या विचाराने माझ्यातला अधिकारी खडबडून जागा झाला, मी क्रेट पुढ्यात ओढला, खिशातून तोच रुमाल काढला आणि एकेक घड हातात घेऊन, हिने दिवाळीत घासलेल्या समईसारखा लखलखेपर्यंत पुसला. आजूबाजूच्या कात्र्या थांबल्या. बायका कौतुकाने बघतायत असं वाटून मी दुसरा क्रेट घेतला.

ती भुकटी म्हणजे द्राक्षाची लव. मण्याचं निसर्गाने दिलेलं मेणाचं अस्तर, आतला ओलावा टिकवणारं. ती राहावी म्हणून घड देठाला धरायचा, मण्याला बोटसुद्धा लावायचं नाही. मी तर्री लावली होती.

मेहुणा चिडला नाही. बायकोचा भाऊ दाजींवर चिडत नाही, तो हिला फोन करतो. दोन्ही क्रेट निर्यातीतून बाजूला गेले आणि मी पॅकहाऊसमध्ये गेलो. तिथे टोपी घाला, अंगठी काढा, नखं दाखवा. चौथीनंतर माझी नखं कुणी तपासली नव्हती. आणि ती वाढलेली निघाली.

शेवटी मला माझ्या जातीचं काम मिळालं, फवारणीचं रजिस्टर. कुठलं औषध, किती, कधी, आणि काढणीआधी किती दिवस गेले, हे त्यात काटेकोर लागतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती आणि बागायतदारांचे अतोनात हाल झाले होते, तेव्हापासून मेहुणा या वहीला देवाच्या पोथीसारखं जपतो. पण मला रिकामी पानं बघवत नाहीत. दुपारी निवांत बसून मी मागच्या पानांवरून अंदाज घेतला, सुवाच्य अक्षरात रकाने भरले, खाली लाल रेघ मारली आणि सही ठोकली.

"दाजी," मेहुणा पान उलटत म्हणाला, "हा मंगळवार अजून यायचाय."

मावशी मात्र स्पष्ट बोलल्या. "बाबा, येत नाही त्याचं काही नाही. आमच्या नव्या पोरींनाही येत नाही. त्या विचारतात." साहेबाचा बाबा कधी झाला, हेही मी विचारलं नाही.

सध्या मी टोळीला चहा पोचवतो. वेळेवर पोचवतो, कारण उशीर झाला की बायका रुमालाची गोष्ट काढतात.

तेव्हा मंडळी, बाजारात द्राक्षं घेताना पांढुरकी लव असलेलीच घ्या आणि घरी नेऊन धुवून खा. फारच चकचकीत दिसली तर हुंगून बघा. मिसळीचा वास आला, तर ती आमच्याकडची.