आमच्या घरची चार मतं

26 एप्रिल 2024 ला आमच्या गावी, धाडमध्ये मत टाकलं, मेअखेर लेकीकडं लंडनला पोचलो, तर तिथंही निवडणूक! तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी 22 मे रोजी भर पावसात, डोक्यावर छत्री न धरता ती जाहीर करून टाकलेली. मला वाटलं, माझ्या येण्याचीच वाट पाहत होते.

धाडमध्ये माझं वजन आहे. कार्यकर्ता दारात येतो, मी पायरीवर उभा राहून "आमच्या घरची चार पक्की" म्हणतो, तो वहीत लिहितो. गल्लीतली आणखी पन्नासेक मतं माझ्या शब्दावर फिरतात, हेही मीच सांगतो. आजवर कुणी ते खोडून काढलेलं नाही.

लेक राहते त्या लंडनमधल्या हॅरोत मात्र प्रचार दिसेचना. पताका नाहीत, जीपा नाहीत, आणि भोंगा नाही! भोंग्याशिवाय निवडणूक? आमच्याकडं ऑटोच्या टपावर दोन कर्णे बांधले की लोकशाही सुरू होते. दुपारी नेमका डोळा लागला की ऑटो घराशी थांबतो आणि ताई-माई-अक्कांना हाका मारतो. बसस्टँडवर दोन पक्षांचे ऑटो समोरासमोर आले की दोघंही आवाज वाढवतात. मग एकाचंही काही कळत नाही, पण निवडणूक जोरात आहे एवढं कळतं. एकदा तर ऑटोवाल्यानं बॅनर बदललं आणि पेनड्राइव्ह बदलायला विसरला. नव्या उमेदवाराच्या फोटोखालून जुन्याचं गुणगान अख्ख्या बाजारात फिरलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. रात्री दहाला भोंगा बंद होतो तेव्हा कान सुटतात खरे. पण लंडनच्या त्या शांततेत मला झोप येईना.

शेवटी एका संध्याकाळी दार वाजलं. छातीला लाल फीत लावलेला, मिसरूडही न फुटलेला पोरगा, हातात मतदारांची यादी. मी केस सारखे केले, नखावरची शाई दिसेल असं बोट पुढं करून दारात उभा राहिलो. त्यानं लेकीचं नाव घेतलं. मी म्हणालो, "फोर व्होट्स." त्यानं यादी पाहिली आणि नम्रपणे सांगितलं, या घरात दोनच आहेत.

ती दोन म्हणजे लेक आणि जावई. भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलातले म्हणून तिथं राहणाऱ्या आपल्या लोकांना खासदार निवडता येतो. पोरानं लेकीला विचारलं, तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं? ती घरभाड्यावर बोलली, डॉक्टरची वेळ मिळत नाही त्यावर बोलली, व्हिसावर तर तावातावानं बोलली. तो ऐकत होता. मी मागं चपलांच्या स्टँडला टेकून उभा. आमच्या धाडच्या दारात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. विचारायचे ते मला, आणि तेही फक्त आकडा. तो मी द्यायचो.

"अजून ठरलं नाही," तिनं शेवटी सांगितलं. त्यानं तशी खूण केली आणि शेजारचं दार गाठलं.

"ठरलं नाही काय? मी सांगतो ना," मी म्हणालो.

"बाबा, धाडलासुद्धा तुम्ही सांगायचात त्याला मी कधीच दिलं नाही."

म्हणजे चारातलं एक गेलं. आमचा पोरगा पुण्याला असतो, त्याला फोन लावायचं धाडस झालं नाही. स्वयंपाकघराकडं वळून बायकोला विचारलं, "तू तरी यंदा मी सांगितलं तिथंच दाबलं ना?"

तिनं मिक्सर सुरू केला.