तिसऱ्या नावाची भानगड

सोमवारी पहाटे कचऱ्याची गाडी यायच्या आधी आमच्या गल्लीत काकाकुवे येतात. पांढरेशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा, आणि आवाज असा की गाढ झोपलेलाही ताडकन उठून बसावा. सिडनीत राहायचं तर हे सोसायलाच लागतं.

"आला होता गं मेला," कुंपणापलीकडून काकू म्हणाल्या. "झाकणावर वीट ठेवली होती मी. वीट ढकलली, झाकण उचललं, पावाची कड घेऊन गेला. बाकी सगळा कचरा रस्त्यावर."

काकू सांगलीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीनंतर इथे मुलाकडे आल्या. गल्लीतल्या प्रत्येक घराची बित्तंबातमी त्यांच्याकडे असते, आणि पक्ष्यांचीही त्या अगदी त्याच सुरात सांगतात.

"एकाचं बघून दुसरा शिकतो म्हणे, काकू. पेपरात आलं होतं. 2018 च्या आधी 3 उपनगरांतच हे डबे उघडणं चालायचं, 2019 संपेपर्यंत 44 झाली."

"शिकणारच. पण याला नुसता काकाकुवा म्हणू नकोस, पूर्ण नाव घे. काकाटुआ गॅलेरिटा गॅलेरिटा."

"गॅलेरिटा दोनदा?"

"दोनदा. एका जातीच्या चार उपजाती पाडल्या, की ज्या पक्ष्यावरून जातीला नाव मिळालं त्याच्या उपजातीला तेच नाव पुन्हा द्यायचं. हा आपला चोर म्हणजे थोरली पाती. वर केप यॉर्कपासून पूर्वेच्या अंगाने खाली टास्मानियापर्यंत याचं राज्य. पर्थला, न्यूझीलंडला दिसतात ते माणसांनी नेलेले. बाकी तिघांची तिसरी नावं वेगवेगळी, आणि खऱ्या भानगडी त्या तिसऱ्या नावातच आहेत. कोणाची बायको, कोणाचं जहाज..."

मी हातातली पाण्याची नळी बंद केली. बायको म्हटल्यावर झाडांना पाणी नंतर घातलं तरी चालतं.

"थांब, आधी थोरल्याचं सांगते. नाव ठेवलं जॉन लेथमने, 1790 मध्ये. हा इंग्लंडातला डॉक्टर, ऑस्ट्रेलियात आयुष्यात कधी पाय ठेवला नाही. त्या काळी पोपट म्हटला की सिटाकस, म्हणून त्याने लिहिलं सिटाकस गॅलेरिटस. पुढे काकाकुव्यांची वेगळी प्रजाती झाली, काकाटुआ, आणि ती निघाली स्त्रीलिंगी. मग गॅलेरिटसचं गॅलेरिटा झालं. आमच्या वेळी लग्नात मुलीचं आडनाव बदलायचं आणि शिवाय नावही बदलून टाकायचे, तसलाच प्रकार. पुस्तकात लेथमचं नाव कंसात छापतात ना, ते त्याचसाठी. कंस दिसला की समजायचं, नाव ठेवणाऱ्याने पक्षी दुसऱ्याच घरात ठेवला होता."

"आणि बायको?"

"ती एलिओनोरा. काकाटुआ गॅलेरिटा एलिओनोरा." काकूंनी कोपर कुंपणावर टेकवलं. "ॲमस्टरडॅमला आर्टिस नावाचं प्राणिसंग्रहालय आहे. ओटो फिन्श नावाच्या जर्मन पक्षितज्ज्ञाला तिथे पिंजऱ्यात एक काकाकुवा दिसला, थोडा लहान, चोचही लहान. 1863 साली त्याने नाव ठेवलं, ते संचालकांच्या बायकोचं! मारिया एलिओनोरा बाईंचं. आता तूच सांग, रानात शोध न घेता, संचालकांच्या घरी चहा घेऊन ठेवलेलं नाव आहे की नाही हे?"

चहाचा पुरावा काकूंकडे नसणार. पण आमच्या कुंपणाशी पुरावा मागायची पद्धत नाही.

"मग तो पक्षी मूळचा कुठला?"

"आरू बेटांचा. न्यू गिनीच्या नैर्ऋत्येला, आता इंडोनेशियात. आणि ऐक, तो नाचणारा स्नोबॉल आठवतो? बॅकस्ट्रीट बॉइजच्या गाण्यावर पाय उचलून ठेका धरणारा? तो एलिओनोराच. अमेरिकेत इंडियानात होता. अनिरुद्ध पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाण्याची गती कमी-जास्त करून बघितलं, तर हा पठ्ठ्या आपला ठेकाही त्याप्रमाणे बदलायचा. 2009 साली ते प्रसिद्ध झालं. दहा वर्षांनी त्याच्या नाचातल्या 14 निरनिराळ्या हालचाली मोजल्या. कुठलं आरू, कुठलं ॲमस्टरडॅम, आणि बाईंचं नाव नाचतंय अमेरिकेत!"

"जहाजवाला कोण?"

"ट्रायटन. न्यू गिनीचा, डोळ्याभोवती निळं कडं. 1828 मध्ये ट्रायटन नावाचं डच लढाऊ जहाज न्यू गिनीच्या किनाऱ्याला लागलं. डचांनी तिथे किल्ला बांधला, तापाने माणसं पटापट मेली, सात-आठ वर्षांत किल्ला सोडून दिला. उपसागराला जहाजाचं नाव राहिलं, आणि 1849 मध्ये लायडनच्या टेमिंकने पक्ष्यालाही तेच दिलं. किल्ल्याचं नाव आज कोण घेतं? पक्ष्याचं मात्र पाळीव पक्ष्यांच्या दुकानदारालाही पाठ."

मला त्या दुसऱ्या फ्रेडरिकची गोष्ट आठवली, तीही कुठेतरी वाचलेली. तेराव्या शतकातला पवित्र रोमन सम्राट, ससाण्यांच्या शिकारीवर त्याने पुस्तक लिहिलं. त्यात एका पांढऱ्या काकाकुव्याची चित्रं आहेत, इजिप्तच्या सुलतानाने भेट दिलेल्या. मी ते सांगितलं.

"हो, हस्तलिखित व्हॅटिकनमध्ये आहे," काकूंना हेही ठाऊक होतं. "2018 मध्ये अभ्यासकांनी चित्रं नीट न्याहाळली. डोळ्यात लालसर रंग दिसला, म्हणून मादी म्हणाले. आणि कुठली? तर ट्रायटन, नाहीतर लहान पिवळ्या तुऱ्याच्या जातीपैकी कुठली तरी उपजात. म्हणजे युरोपीय जहाजं तिकडे पोचायच्या अडीचशे वर्षं आधी हा पक्षी हातोहात इजिप्त आणि तिथून सिसिलीपर्यंत गेला! व्यापारी होतेच ना सगळीकडे."

"मग चौथा?"

"फिट्झरॉयी. उत्तर ऑस्ट्रेलियाचा, पश्चिमेच्या किंबर्लीपासून कार्पेंटेरियाच्या आखातापर्यंत. फिट्झरॉय नदीवरून नाव. नदी कोणावरून? डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाच्या कप्तानावरून. नाव ठेवणारा ग्रेगरी मॅथ्यूज, हा ऑस्ट्रेलियाचाच. खाणींच्या शेअरमध्ये पैसा केला आणि इंग्लंडला जाऊन बसला. तिथे लोकांकडून पक्ष्यांच्या कातड्या मागवायचा, आणि जरा चोच लांब दिसली की नवी उपजात! त्या 1912 सालात तर त्याने नावांचा सपाटाच लावला होता. त्यातली कितीतरी पुढे लोकांनी गुपचूप खोडून टाकली. फिट्झरॉयी टिकलं बाई."

मला वाटतं मॅथ्यूजवर काकूंचा राग आहे. परीक्षेला त्याच्या उपजाती पाठ कराव्या लागल्या असणार.

"पण काकू, उपजात ठरवायची कशावरून? पाळलेला काकाकुवा समोर आणला तर ओळखाल?"

"नाही ओळखणार." हे त्यांनी इतकं पटकन म्हटलं की मी बघतच राहिले. "बेटावर बसलेला असेल तर ओळखेन. उपजात म्हणजे निम्मं शरीर आणि निम्मा पत्ता. पिंजऱ्यातल्याचा पत्ता गेलेला असतो, वर दोन उपजातींची जोडी जमवलेली असली तर संपलंच. म्हणून पत्त्याला जपायचं. आता तो निसर्गशास्त्रज्ञ वॉलेस बघ. 1856 मध्ये तो बालीहून लोंबोकला गेला. मधे जेमतेम अरुंद समुद्र. अलीकडे आपल्याकडच्यासारखे पक्षी, पलीकडे एकदम पांढरे काकाकुवे. त्यातून दोन्हीकडच्या प्राण्यांची सरहद्द दाखवणारी ती वॉलेस रेषा आली. आपल्याकडे सांगलीत रानात काकाकुवा का नाही, त्याचं उत्तर त्या सामुद्रधुनीत आहे. दिसलाच तर तो विकत आणलेला."

लोंबोकचा तो म्हणजे लहान पिवळ्या तुऱ्याचा, सल्फ्यूरिया. काकूंच्या मते खरी नाट्यं त्या घराण्यात आहेत. सुंबा बेटावरचा त्यांचा एक भाऊबंद नारिंगी तुऱ्याचा, सिट्रिनोक्रिस्टाटा. वर्षानुवर्षं तो बिचारा तिसऱ्या नावावर बसलेला होता, आता त्याला स्वतंत्र जात मानतात. "वेगळा संसार थाटला त्याने," काकू म्हणाल्या, "तोही हक्काने."

"आणि ॲबॉटी." इथे त्यांचा आवाज खाली आला, जसा कोणाच्या घरचं आजारपण सांगताना येतो. "जावा समुद्रात मासाकांबिंग म्हणून एवढंसं बेट आहे. अमेरिकेचा विल्यम ॲबॉट, शिकलेला डॉक्टर पण वडिलोपार्जित पैशावर बोट घेऊन बेटं फिरायचा आणि नमुने वॉशिंग्टनला पाठवायचा. त्याच्यावरून ओबरहोल्सरने 1917 मध्ये तिथल्या काकाकुव्याला नाव दिलं. या घराण्यातली ही सगळ्यात मोठी उपजात. आणि 2008 च्या सुमारास मोजले तर पक्षी उरले होते दहाएक. पकडून पकडून विकले, झाडं तोडली. पुढे गावकऱ्यांनी मनावर घेतलं, तेव्हा थोडे वाढले. पण सबंध उपजातीचा संसार एका बेटावर, आपल्या या वस्तीपेक्षा फार मोठं नाही ते."

आम्ही दोघी जरा वेळ काहीच बोललो नाही. समोरच्या घरातून बाई डबा आत घ्यायला आल्या, तेव्हा काकूंनी हात हलवला, तब्येतीची चौकशी केली, आणि त्या आत गेल्यावर लगेच पुढचा विषय काढला.

"गॉफिनचं माहितीये का तुला? नाही? अगं, ती तर सगळ्यात मोठी फसवणूक! गॉफिन म्हणजे डच नौदलातला लेफ्टनंट, फिन्शचा दोस्त. 1863 मध्येच फिन्शने एका काकाकुव्याला त्याचं नाव दिलं, गॉफिनी. सगळं जग म्हणायचं की हा तनिंबर बेटांवरचा छोटा पांढरा काकाकुवा. तो कुलुपं उघडतो, हत्यारं वापरतो, त्याच्यावर व्हिएन्नात किती प्रयोग चाललेत. आणि 2004 मध्ये दोघा संशोधकांनी फिन्शचे ते मूळ नमुने काढून बघितले, तर ते तनिंबरचे नाहीतच! सॉलोमन बेटांवरच्या डुकॉर्प्सच्या काकाकुव्याचे!"

"मग तनिंबरवाला इतकी वर्षं..."

"बिननावाचा! एकशेचाळीस वर्षं दुसऱ्याचं नाव लावून फिरत होता. मग त्याला नवं नाव दिलं, गॉफिनियाना. लेफ्टनंटचा मान राखला."

"आणि जुनं गॉफिनी? ते सॉलोमनवाल्याला मिळालं असेल?"

"छे! त्याला 1853 पासून डुकॉर्प्सी आहे. जे नाव आधी छापलं ते खरं, हा कायदा. गॉफिनी आलं दहा वर्षांनी, ते गेलं वाऱ्यावर."